एका छपराखालचा मेंदूज्वर

प्रिन्स्टन विद्यापीठात मेनिंजायटिसचा पहिला रुग्ण सापडला तो मार्च २०१३ मध्ये, वसंतातली सुट्टी संपवून मुलं वसतिगृहांत परतत होती तेव्हा. आरोग्य केंद्रातल्या फायली त्या वेळी व्यवस्थित होत्या. न्यू जर्सी राज्याच्या कायद्याप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस घेतल्याचा दाखला द्यावाच लागत असे, आणि मुलांनी ते दाखले दिलेले होते. मात्र ती लस ज्या जिवाणूविरुद्ध आहे, त्याचे बरेच गट आहेत. दाखल्यातल्या लशीनं ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांपासून संरक्षण मिळत होतं. रुग्णाच्या नमुन्यात निघाला बी गट.

बी गटावरची लस तेव्हा अमेरिकेत विकायला परवानगीच नव्हती.

पुढच्या काही महिन्यांत आकडा वाढत गेला. रुग्णांत एक होता विद्यापीठ बघायला आलेल्या शाळकरी पाहुण्यांपैकी. एकाचा आजार सुट्टीत परदेशी गेल्यावर उफाळला. उन्हाळ्यात परिसर रिकामा झाला तेव्हा साथ आपोआप विझेल अशी आशा होती. पण शरद सत्र सुरू होताच पुन्हा रुग्ण सापडू लागले. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात सातवा, आणि महिना संपायच्या आत आठवा.

सात-आठ हजार मुलांच्या विद्यापीठात आठ रुग्ण म्हणजे फार नाहीत, असं आकड्यांकडे बघून वाटेल. या आजाराचा वेग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तसं वाटत नाही. सकाळी अंग मोडून आलेलं, डोकं दुखतंय, बहुतेक फ्लू असावा. संध्याकाळी मान आखडलेली, उजेड सहन होत नाही, अंगावर जांभळट ठिपके. आणि दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभाग. उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींची श्रवणशक्ती जाते, काहींचे हातपाय कापावे लागतात. घरी असताना आई कपाळावर हात ठेवते आणि तिला काहीतरी वेगळं जाणवतं. वसतिगृहात ते काम खोलीतल्या सोबत्याच्या वाट्याला येतं, आणि तोही अठरा वर्षांचाच असतो.

अशा वेळी विद्यापीठानं काय करायचं, या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. फक्त त्याची सुरुवात विद्यापीठांत झाली नाही, बराकींत झाली.

या आजाराच्या साथीचं पहिलं नेमकं वर्णन जिनिव्हाच्या गास्पार व्ह्यूसो या डॉक्टरनं केलं, १८०५ च्या साथीचं. पुढे १८३७ पासून फ्रान्समध्ये साथ एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जाऊ लागली. पलटण हलली की आजारही हलायचा. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिएन्नात आंतोन वाइक्सेलबाउम यांनी जिवाणू ओळखला तो १८८७ मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्याच्या रक्तापासून प्रतिद्रव्य बनवलं आणि ते थेट पाठीच्या कण्यातून देऊन मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आणलं. पण आजार होऊच नये यासाठी काय करायचं, याचं पहिलं खरं उत्तर एका लष्करी डॉक्टरनं मोजपट्टी घेऊन शोधलं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कॅटरहॅम इथे रक्षक दलाचा तळ होता. भरती एवढी झाली की बराकींत जागा पुरेना. दोन खाटांमध्ये तीन फूट अंतर हवं असा शांततेच्या काळातला दंडक. युद्धात ते अंतर एका फुटाच्याही खाली गेलं. कॅप्टन जे. ए. ग्लोव्हर यांनी शिपायांच्या घशातले नमुने सातत्यानं तपासले. जिवाणू घशात घेऊन वावरणारे, पण स्वतः ठणठणीत असलेले लोक नेहमीच असतात. खाटा जवळ आल्या की अशा वाहकांचं प्रमाण चढायचं, आणि ते शेकडा वीसच्या वर गेलं की आजाराचे रुग्ण दिसू लागायचे. ग्लोव्हर यांनी खाटांमध्ये किमान अडीच फूट अंतर ठेवायला लावलं. काही आठवड्यांत प्रमाण झपाट्यानं उतरलं.

यात औषध नाही, इंजेक्शन नाही. फक्त खाटा सरकवल्या. ग्लोव्हर यांच्या कामाचं मोल मोठं आहे, कारण आजार अंगात शिरतो तो एकेकाच्या, पण त्याला वाट करून देते ती राहण्याची व्यवस्था, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. ती व्यवस्था शिपायानं केलेली नसते. ज्यानं त्याला बराकीत आणलं त्यानं ती केलेली असते. वसतिगृहाच्या बाबतीतही हेच लागू होतं, आणि विद्यापीठाची जबाबदारी इथूनच सुरू होते.

सल्फा औषधं आल्यावर सैन्यांना वाटलं, प्रश्न सुटला. तळावर सगळ्यांना गोळ्या दिल्या की साथ थांबायची. १९६३ मध्ये सान दिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड इथे सल्फाला दाद न देणारा जिवाणू निघाला. फोर्ट ऑर्डमध्ये नव्या रंगरुटांचं प्रशिक्षण थांबवावं लागलं. सरसकट सगळ्यांना प्रतिजैविक द्यावं का, हा प्रश्न आजही प्रत्येक विद्यापीठापुढे येतो. डॉक्टर सहसा तो मोह टाळतात आणि रुग्णाच्या निकट संपर्कातल्यांनाच औषध देतात, त्यामागे हा अनुभव आहे.

त्या धक्क्यातून वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत लशीचं काम सुरू झालं. इर्व्हिंग गोल्डश्नायडर, एमिल गॉटश्लिक आणि माल्कम आर्टेनस्टाइन या तिघांनी १९६७-६८ च्या हिवाळ्यात फोर्ट डिक्स इथल्या सुमारे पंधरा हजार रंगरुटांचं रक्त भरतीच्या वेळीच घेऊन ठेवलं आणि वाट पाहिली. जे पुढे आजारी पडले त्यांच्या साठवलेल्या रक्तात जिवाणू मारणारी प्रतिद्रव्यं होती फक्त ५.६ टक्क्यांकडे. त्यांच्याच बराकीतल्या निरोगी सोबत्यांपैकी ८२.२ टक्क्यांकडे ती होती. लस कशासाठी बनवायची आणि तिचं यश कशानं मोजायचं, दोन्ही या आकड्यांनी ठरवलं. सी गटावरच्या लशीच्या चाचण्या जवळपास नव्वद टक्के यशस्वी झाल्या आणि १९७१ पासून अमेरिकी लष्करात प्रत्येक रंगरुटाला ती मिळू लागली. फोर्ट डिक्स न्यू जर्सीत आहे, प्रिन्स्टन आहे त्याच राज्यात.

रंगरुटाला १९७१ मध्ये जे मिळालं, ते विद्यार्थ्याला मिळायला पुढची तीन दशकं लागली. याचं समाधानकारक कारण सापडत नाही. दोघांचं वय तेच, दाटीवाटी तीच. १९९८-९९ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये ९६ रुग्ण मोजले गेले. सर्व पदवी विद्यार्थ्यांत आजाराचं प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी होतं. वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांत ते लाखामागे ५.१ निघालं.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातले तीन विद्यार्थी दगावले. त्याच महिन्यात नॉटिंगहॅम विद्यापीठात नव्या मुलांच्या घशांची तपासणी चालू होती. वर्ग सुरू झाले त्या पहिल्या दिवशी ६.९ टक्के मुलं जिवाणूची वाहक होती. दुसऱ्या दिवशी ११.२. तिसऱ्या दिवशी १९. चौथ्या दिवशी २३.१ टक्के. ग्लोव्हर यांनी धोक्याची म्हणून सांगितलेली वीस टक्क्यांची रेघ चार दिवसांत ओलांडली गेली होती. डिसेंबरपर्यंत, खानावळ असलेल्या वसतिगृहांत, हे प्रमाण ३४.२ टक्क्यांवर पोहोचलं. ओळखी होत होत्या, एकत्र जेवणं, रात्रीच्या पार्ट्या, पहिलीवहिली चुंबनं. तरुण वयात जे व्हायला हवं तेच होत होतं. म्हणून लस द्यायची ती मुलं खोलीत सामान टाकण्याआधी. नंतर दिली तर जिवाणू पुढे निघून गेलेला असतो. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, ब्रिटननं सी गटाची नवी लस देशभर सुरू केली आणि त्या गटाचे रुग्ण झपाट्यानं कमी झाले.

उरला बी. बाकीच्या गटांवरच्या लशी जिवाणूच्या अंगावरच्या शर्करेच्या कवचापासून बनवतात. बी गटाचं कवच मात्र माणसाच्या मज्जापेशींवरच्या एका रेणूसारखंच असतं. शरीर त्याला परकं मानत नाही, आणि मानायला लावलं तर स्वतःच्याच पेशींवर हल्ल्याची भीती. संशोधक यापुढे वर्षानुवर्षं अडून होते. वाट काढली इटलीतल्या सिएना इथे रिनो राप्पुओली यांच्या गटानं. त्यांनी जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचायला घेतला आणि त्यातून पृष्ठभागावर येऊ शकतील अशी शेकडो प्रथिनं निवडून एकेक पारखली. ते काम २००० साली प्रसिद्ध झालं. लस युरोपात मंजूर झाली जानेवारी २०१३ मध्ये, प्रिन्स्टनच्या पहिल्या रुग्णाच्या जेमतेम दोन महिने आधी.

तोवर बी गटाची साथ आलेल्या विद्यापीठाला हात बांधून बसावं लागे. ओहायो विद्यापीठात २००८ ते २०१० या काळात तेरा रुग्ण झाले, एक दगावला. तिथल्या डॉक्टरांकडे होतं ते एवढंच: संपर्कातल्यांना औषध, पत्रकं, पेले वाटून पिऊ नका अशी विनंती. रुग्ण तीन वर्षं अधूनमधून येत राहिले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रिन्स्टनपुढे निवड होती. ओहायोसारखी वाट पाहत बसायचं, किंवा देशात मंजूर नसलेली लस आणायची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, लस विशेष परवानगीखाली वापरण्याचा अर्ज स्वतःच्या नावावर केला आणि औषध प्रशासनानं महिन्याच्या मध्यावर होकार दिला. त्याच शनिवार-रविवारी विद्यापीठाचे विश्वस्त बैठकीला जमले होते. सोमवारी, १८ तारखेला, निर्णय जाहीर झाला: पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना, वसतिगृहात राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि काही विशिष्ट आजारांमुळे जास्त धोका असलेल्यांना लस दिली जाईल, खर्च विद्यापीठ करेल, सक्ती नसेल.

या तीन वाक्यांत पुष्कळ शहाणपण होतं. पैसे मागितले असते तर काही मुलं मागे राहिली असती, आणि वसतिगृहात मागे राहिलेला एकटा नसतो. सक्ती केली असती तर लशीला परवाना नाही हाच वादाचा विषय झाला असता. प्रत्येकाकडून लेखी संमती घेतली गेली. अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांकडूनही. वर्ग चालू राहिले. परिसर बंद करून मुलांना घरी पाठवणं धाडसी दिसलं असतं, पण घशात जिवाणू घेऊन ती देशभर पांगली असती.

दरम्यान विद्यापीठानं लाल पेले वाटले. त्यांवर छापलं होतं: माझा, तुझा नव्हे. एकाच पेल्यातून पिण्याची मुलांची सवय ठाऊक असलेल्या कुणीतरी हा विचार केला होता, आणि उपदेशाच्या पत्रकापेक्षा तो पेला मुलांच्या हातात जास्त वेळ राहिला असणार.

९ डिसेंबरला फ्रिस्ट कॅम्पस सेंटरमध्ये, मुलांच्या रोजच्या येण्या-जाण्याच्या इमारतीत, लसीकरण सुरू झालं. चार दिवसांत पाच हजारांहून अधिक जणांनी पहिली मात्रा घेतली, पात्र असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास. दुसरी मात्रा फेब्रुवारी २०१४ मध्ये. लस घेतलेल्यांपैकी कुणालाही पुढे हा आजार झाला नाही. नंतरच्या रक्तचाचण्यांत एक गोष्ट समोर आली, तीही सांगायला हवी. दोन्ही मात्रा घेतलेल्यांपैकी ६६.१ टक्क्यांच्याच रक्तात प्रिन्स्टनच्या वाणाविरुद्ध पुरेशी प्रतिद्रव्यं आढळली. बाकीच्यांना लशीनं वाचवलं, की साथच ओसरली होती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण निर्णय घेणाऱ्यांच्या हातात नोव्हेंबरमध्ये हे आकडे नव्हते, आणि ते येईपर्यंत थांबणं चूक ठरलं असतं.

मार्च २०१४ मध्ये साथीनं शेवटचा घाव घातला, तो प्रिन्स्टनबाहेर. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातली एक विद्यार्थिनी दगावली. जनुकीय तपासणीत वाण प्रिन्स्टनचाच निघाला. आजारी पडण्याच्या आठवडाभर आधी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांशी तिचा जवळून संपर्क आला होता. प्रिन्स्टनची मुलं सुरक्षित होती, पण जिवाणू त्यांच्या घशात अजून राहू शकत होता. हे नुसतं अनुमान राहिलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात शाळकरी वयाच्या सुमारे ३५,००० मुलांवर झालेल्या अभ्यासानं २०२० मध्ये दाखवून दिलं की बी गटाची ही लस घेणाऱ्याला वाचवते, मात्र घशातला जिवाणू हटवत नाही. त्यामुळे बी गटाच्या बाबतीत बहुतेकांनी लस घेतली की बाकीचेही आपोआप सुरक्षित, हा हिशेब चालत नाही. ज्याला टोचली त्यालाच संरक्षण. विद्यापीठानं नव्वद टक्क्यांवर समाधान मानायचं नसतं. उरलेल्या दहांना पुन्हा शोधायचं असतं. प्रिन्स्टननं निदान पुढच्या शरद सत्रात नव्यानं आलेल्यांनाही लस दिली.

नोव्हेंबर २०१३ मध्येच, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत चार विद्यार्थी बी गटाच्याच पण वेगळ्या वाणानं आजारी पडले. एकाचे दोन्ही पाय कापावे लागले. तिथे पाचशेहून अधिक जणांना प्रतिजैविक दिलं गेलं, पार्ट्या थांबवल्या गेल्या, आणि लस पोहोचली फेब्रुवारीच्या शेवटी. ती घेणारे निघाले जवळपास निम्मे. २०१५ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या साथीत सात रुग्ण झाले, एक दगावला. साथ चालू असतानाच बास्केटबॉलच्या भव्य क्रीडागृहात लसीकरण भरवलं, तरी पहिल्या फेरीत निम्म्याहून कमीच मुलं आली. तेव्हा तर लशीला परवानाही मिळालेला होता.

प्रिन्स्टनला जमलं ते या दोघांना का जमलं नाही? पैसा हे एक कारण आहे. पण त्याहून मोठा फरक पत्त्यांचा आहे. प्रिन्स्टनची जवळपास सगळी पदवीची मुलं विद्यापीठाच्याच छपराखाली झोपतात. कोण कुठल्या खोलीत, सोबती कोण, हे एका यादीत सापडतं. सांता बार्बराचे हजारो विद्यार्थी शेजारच्या इस्ला व्हिस्टा या वस्तीत भाड्याच्या घरांत राहतात. एकेका खोलीत कितीजण, याची नोंद विद्यापीठाकडे नसते.

इथे मराठी वाचकाला परकं काही वाटू नये. मेनिंजायटिसशी पुण्याचं नातं जुनं आणि अभिमानाचं आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली ए गटाची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत देशभर टोचायला सुरुवात झाली. किंमत होती अर्ध्या डॉलरच्याही आत. पुढे तीस कोटींहून अधिक आफ्रिकी लोकांना ती मिळाली आणि या आजाराचा नेहमी तडाखा बसणाऱ्या आफ्रिकेच्या पट्ट्यातल्या ए गटाच्या साथी थांबल्या. पाच गटांवरची त्यांची नवी लस जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२३ मध्ये मान्य केली. तिच्यातही बी नाही, कारण आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात बी गटाचा त्रास नगण्य आहे. परदेशी विद्यापीठात निघालेली मुलगी व्हिसाच्या धावपळीत पुण्यात किंवा नाशकात जी लस घेऊन दाखला जोडते, ती सहसा ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारांचीच असते. प्रिन्स्टनच्या मुलांच्या फायलीत होती तीच. बी गटाची लस अमेरिकेत १६ ते २३ या वयात डॉक्टरांशी बोलून घ्यायची असा शिरस्ता राहिला आहे आणि बहुतेक विद्यापीठं ती मागत नाहीत. पालकांनी त्याबद्दल विद्यापीठाला पत्र लिहून विचारायला हवं.

भारतातही हा आजार आहे. दिल्लीत १९८५ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये ए गटाची साथ आली होती. आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच खाटा, मधलं अंतर ग्लोव्हर यांनी मोजलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी खाटा हलवायला लावल्या असत्या. यातली बरीच मुलं कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नाहीत. अभ्यासिकेच्या वहीत त्यांचं नाव असतं, खानावळीच्या कार्डावर असतं, घरमालकाच्या फोनमध्ये असतं. त्यांच्यापैकी एकाला उद्या ताप आला, मान आखडली, अंगावर ठिपके उठले, तर शेजारच्या खाटांवर कोण झोपतं हे महापालिकेच्या आरोग्य खात्याला चोवीस तासांत सांगू शकेल असं कार्यालय आज शहरात नाही. ते उभारायला लशीइतकं संशोधन लागत नाही. घरमालक, अभ्यासिका आणि खानावळवाले यांच्याकडून एक यादी घ्यावी लागेल आणि ती दर सत्राला ताजी ठेवावी लागेल.